पिंपांतलें जैतून

पुण्यास आमच्या घराच्या गच्चीवर दक्षिणेच्या कठड्याला लागून एक कुंडी आहे. तींत कंबरेइतकें उंच, वरून हिरव्या व खालून रुपेरी अशा लांबट पानांचें एक झाड आहे. घरीं येणारा प्रत्येक पाहुणा 'ही कण्हेर कां?' असें विचारतो. आम्हीं 'नव्हे, जैतून' असें सांगितलें म्हणजे पुढचा प्रश्न ठरलेला : 'मग फळें येतात काय?' येत नाहींत. २०१५ सालीं एका रोपवाटिकेंतून हें रोप आणिलें तेव्हां 'तिसऱ्या वर्षीं फळ हातीं पडेल' असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें. तिसरें वर्ष आलें आणि गेलें; फळ दूरच राहो, एक कळीसुद्धां दिसली नाहीं. धाकट्या सूनबाईंचें म्हणणें, ती उन्हाची जागा वाळवणाला मोकळी करून द्यावी. थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें, जें अमरकोशांत सांपडत नाहीं तें कुंडींत लावण्याचा बाबांना नादच आहे. घरांतील बहुमत झाडाच्या विरुद्ध होतें, हें कबूल केलें पाहिजे.

अशा स्थितींत २०१८ सालच्या दिवाळीनंतर आम्हां उभयतांस इस्राएल देशीं जाण्याचा योग आला. अलिबाग तालुक्यांतील एका शाळेंत आम्हीं बरींच वर्षें अध्यापन केलें. त्या वेळचा आमचा एक विद्यार्थी बेने इस्राएल समाजांतला. कोंकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकें नांदलेले, घरीं मराठी बोलणारे हे यहुदी लोक. नवगांवच्या किनाऱ्यापाशीं गलबत फुटलें, त्यांतून वांचलेलीं सात जोडपीं हीं आपलीं मूळ माणसें, अशी त्यांची परंपरा सांगते. गांवोगांवीं तेलाचे घाणे चालविणें हा त्यांचा पिढीजाद धंदा. शनिवारीं घाण्याला बैल जुंपावयाचा नाहीं हा त्यांचा नेम. म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. हा आमचा विद्यार्थी १९८८ सालीं आपल्या आईस घेऊन इस्राएलांत गेला आणि दक्षिणेकडील डिमोना ह्या गांवीं स्थायिक झाला. 'मास्तर, एकदां या' हें त्याचें बोलावणें तीस वर्षांचें जुनें होतें. तें आम्हीं स्वीकारलें तें त्याच्या प्रेमासाठीं, हें खरेंच. पण त्याच्या घरीं सज्ज्यांत जैतुनाचें झाड असून त्याला फळें येतात, असें त्यानें एकदां दूरध्वनीवर सांगितलें होतें, ही गोष्टही आमच्या मनांत घर करून राहिली होती.

'जैतून' हा शब्द मुळांत अरबी. फारसीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला. हिब्रू भाषेंतील 'झायित' हा त्याचाच सहोदर. येथें शब्दांची एक मौज सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. आपला 'तैल' शब्द तिळापासून निघाला. तिळाचें तें तैल. पुढें मोहरीचें, नारळाचें, करडईचें, सर्वांचेंच तेल झालें. तिकडे ग्रीक लोक जैतुनाला 'एलाइआ' म्हणत. त्यापासून लॅटिन 'ओलेउम्' व त्यापासून इंग्रजांचें 'ऑइल' झालें. ज्या लोकांनीं जें फळ अथवा बीज प्रथम घाण्यांत घातलें, त्याचेंच नांव त्यांच्या सगळ्या तेलांना चिकटलें. कुळाच्या दृष्टीनें मात्र हें झाड आपल्याला अगदींच परकें नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला मोगरा, जाई व पारिजातक ह्यांच्याच कुळांत बसवितात, आणि सह्याद्रीच्या रानांत पारजांब म्हणून जें झाड आढळतें तें तर त्याचें जवळचें भाऊबंद. असो.

यरुशलेमेस दोन दिवस काढले. शहराच्या पूर्वेस जैतुनांचा डोंगर आहे व त्याच्या पायथ्याशीं गेथसेमनीची बाग. ह्या नांवाचा हिब्रू भाषेंतील अर्थच मुळीं तेलाचा घाणा. कठड्याच्या आंत आठ झाडें आहेत. खोडें इतकीं पोखरलेलीं व पिळवटलेलीं, कीं एकेका ढोलींत लहान मूल सहज बसेल. आणि त्याच खोडांवर कोंवळी पालवी. २०१२ सालीं इटालियन शास्त्रज्ञांनीं ह्यांपैकीं तीन झाडांच्या लांकडाचें वय काढिलें, तें १०९२, ११६६ व ११९८ ह्या सालांच्या सुमाराचें निघालें. बाकीच्यांचीं खोडें आंतून इतकीं रितीं आहेत, कीं वय काढावयास जुनें लांकूडच उरलेलें नाहीं. आठही झाडें एकाच मूळ झाडाच्या फांद्यांपासून केलेलीं आहेत असेंही त्यांस आढळलें. यात्रेकरूंची तेथें दाटी फार. आम्हीं लवकरच पाय काढता घेतला.

शहराबाहेरच्या डोंगरउतारांवर दगडी बांध घालून पायऱ्या पायऱ्यांनीं लाविलेलीं जैतुनें दिसतात. तोडणीचे शेवटचे दिवस होते. झाडाखालीं मोठीं कापडें अंथरून बायकामुलें फांद्यांवरून हात फिरवीत फळें ओरबाडीत होतीं. अशा कित्येक बागा अरब शेतकऱ्यांच्या आहेत. त्यांच्या पणज्यांनीं लाविलेल्या. त्यांच्या दृष्टीनें हें झाड म्हणजे मिळकत व त्या मिळकतीचा दाखला, दोन्ही आहे. दोन समाजांच्या कलहांत हीं झाडें उपटलीं व जाळलीं गेल्याचें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, तेव्हां तो एक आंकडा असतो. तो बांध आणि त्यावरची म्हातारी कापड झटकतांना पाहिली म्हणजे मग तो आंकडा राहत नाहीं. इतकेंच लिहून आम्ही पुढें जातों. कारण ह्या वादांत न्याय सांगण्याइतका आमचा तेथील सहवास नाहीं.

बेर-शेबा सोडून मोटार डिमोनाच्या वाटेस लागली तशी हिरवाई संपली. कोंकणांत आषाढाच्या एखाद्या मुसळधार दिवशीं जेवढा पाऊस पडतो, जवळजवळ तेवढाच ह्या मुलखांत साऱ्या वर्षांत पडतो. पिंवळट माती, उघडे डोंगर, मधून मधून उंट. अशा ठिकाणीं १९५५ सालीं हें गांव वसविलें. प्रथम बहुतेक वस्ती मोरोक्को वगैरे उत्तर आफ्रिकेंतील देशांतून आलेल्या यहुद्यांची, मागाहून आपल्याकडील मंडळी गेली. बाजारांतून जातांना 'अगो, कांदे कसे दिले?' असा प्रश्न कानीं पडला, तेव्हां आमच्या सौभाग्यवतीनें आमचा हात घट्ट धरिला व आम्ही दोघेंही क्षणभर रस्त्यांतच उभीं राहिलों.

विद्यार्थ्याचें घर तिसऱ्या मजल्यावर. दिवाणखान्यांतून दार उघडलें कीं नैर्ऋत्येकडे तोंड केलेला सज्जा. तेथें निळ्या प्लॅस्टिकचें मोठें पिंप मधोमध कापून त्याचा खालचा अर्धा भाग विटांवर ठेविला होता, आणि त्यांत तें झाड. उंची पुरुषभर, खोड मनगटाएवढें. पानांमागें जांभळी-काळीं फळें, आंवळ्याहून लहान, बोरासारखीं, अजून बरींच लोंबत होतीं. विद्यार्थ्याच्या मातुःश्री त्या वेळीं ऐंशी वर्षांच्या. पांढरें पातळ, कपाळ मोकळें, हातांत दोन दोन कांकणें. त्यांनीं आम्हांस बसावयासही न सांगतां विचारलें,

"मास्तर, तुमच्याकडेही आहे म्हणे हें. पाणी किती घालतां?"

"रोज सकाळीं पूजा झाली कीं एक तांब्या."

"आणि पावसाळ्यांत?"

"पावसाळ्यांत पाऊस पडतोच."

"कुंडीखालीं ताटली आहे?"

"आहे. गच्चीवर डाग पडतात, म्हणून सूनबाईंनीं ठेविली आहे."

बाई हंसल्या. "मग मास्तर, झाड तुम्हीं लावलेलें नाहीं, बुडवलेलें आहे."

छत्तीस वर्षें ज्यानें इतरांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, त्याला आपली चूक एका वाक्यांत समजली. त्यानंतर दोन दिवस आम्ही त्या बाईंचे विद्यार्थी झालों. त्यांनीं जें सांगितलें तें येथें देतों; कोणाच्या गच्चीवर असें एखादें रोप बुडत असेल तर उपयोगीं पडेल.

पिंपाच्या बुडाला अंगठ्याएवढीं दहाबारा भोकें. तळाशीं खडी. वर दोन भाग माती व एक भाग जाड रेती. आपल्याकडची काळी चिकण माती असेल तर रेती निम्मी घालावी, कारण ह्या झाडाच्या मुळांना पाण्याहून वाऱ्याची भूक अधिक. मातींत बोट दोन पेरें खुपसून पाहावें. कोरडें लागलें तरच पाणी घालावें, आणि घालावें तेव्हां बुडच्या भोकांतून वाहीपर्यंत घालावें. रोज तांब्या तांब्या शिंपडणें म्हणजे वरचें तोंड ओलें ठेवून खालीं मुळें कुजविणें. भर उन्हाळ्यांत दर दोनतीन दिवसांनीं, हिवाळ्यांत जवळजवळ नाहींच. ऊन मात्र दिवसाचें सहा घटका नव्हे, सहा तास तरी पाहिजे. खत वसंतांत एकदां. "जास्त खाऊं घातलंत तर पानंच पानं करील, पोर लाडावल्यासारखं," हें बाईंचें वाक्य.

छाटणीही त्यांनीं दाखविली. गेल्या सालीं जी कोंवळी फांदी आली तिच्यावर यंदा मोहोर येतो. म्हणून सरसकट शेंडे खुडले तर फळेंच खुडल्यासारखें होतें. आंत आंत वाढणाऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या तेवढ्या थंडी सरतां सरतां काढावयाच्या. पांखरू झाडांतून पंख न लागतां आरपार गेलें पाहिजे, असें त्या भागांतील माळी म्हणतात. मोहोर बारीक, पांढरट, आणि येतो अतोनात. पण शंभर फुलांमागें एकदोन फळें धरलीं तरी पुष्कळ. परागाचें काम मधमाश्यांपेक्षां वारा करितो. शिवाय पुष्कळ जातींना स्वतःचे पराग फारसे मानवत नाहींत. जवळ दुसऱ्या जातीचें झाड असलें तर फळ चांगलें धरतें. बाईंचें झाड सज्ज्यांत एकटें असलें तरी खालीं तळमजल्याच्या अंगणांत शेजारणीचीं दोन जैतुनें आहेत. ही शेजारीण मोरोक्कोहून आलेली. तिनेंच अठरा वर्षांपूर्वीं आपल्या बहिणीच्या अंगणांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन काड्या आणून दिल्या होत्या. दोन वाळल्या, तिसरी ही. दोघींना एकमेकींची भाषा तेव्हां येत नव्हती. "काडी कशी लावायची तें हातांनीं दाखवलंन्," बाई म्हणाल्या.

पण मुख्य गोष्ट राहिली, आणि तीच आमच्या प्रश्नाचें उत्तर होती. आम्हीं विचारलें, "थंडींत हें आंत घेतां काय?" डिमोना समुद्रसपाटीपासून बरेंच उंच, पौष-माघांत रात्रीं पारा पांचसहा अंशांपर्यंत उतरतो. बाई म्हणाल्या, "आंत घेतलं तर फुलेल कशाला?" जैतुनाच्या डोळ्यांत पानाची कळी व्हावयाची कीं फुलाची, ह्याचा निर्णय थंडी करिते. हिवाळ्यांत कित्येक आठवडे रात्रीं दहा अंशांच्या खालीं व दिवसही गार, असें लागलें म्हणजे वसंतांत मोहोर येतो. फार थंडीही सोसत नाहीं. उणे दहा अंशांच्या आसपास मोठीं झाडेंसुद्धां मरतात. १९५६ सालच्या फेब्रुवारींतील कडाक्यानें फ्रान्सच्या दक्षिण भागांतील बागांच्या बागा अशाच वाळून गेल्या होत्या. पुण्याची थंडी ह्या दोहोंच्या मध्यें कोठेंच बसत नाहीं. आमच्याकडे मार्गशीर्षांत पहांटे पारा दहापर्यंत येतो, आम्ही कानटोपी घालतों, आणि दुपारीं तोच पारा तिशीला जाऊन पोंचतो. रात्रीं कमावलेलें झाड दुपारीं गमावून बसतें. झाड जगेल, वाढेल, हिरवें राहील. फुलेल हें सांगवत नाहीं. रोप विकणाऱ्यास हें ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं फळें उतरविलीं. एक वर्ष भरघोस तर दुसरें रोड, अशी ह्या झाडाची चाल; तें वर्ष भरघोस होतें व तीन किलोंवर फळ निघालें. आम्हीं एक टपोरें काळें फळ उचलून, जांभळाच्या भरंवशावर, सरळ तोंडांत टाकिलें. कारल्याचा व कडुनिंबाचा आजवर आम्हीं अन्याय केला असें त्या क्षणीं वाटलें! सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हंसत होती. बाईंनीं गूळ पुढें केला. हिरवें काय नि काळें काय, फळ तेंच, कमीअधिक पिकलेलें. आणि झाडावरून काढल्या काढल्या खाण्याजोगें कोणतेंच नाहीं. हिरवीं असतांना काढलेलीं फळें बाई पेणहून आणलेल्या पाट्यावर ठेवून वरवंट्यानें एकेक हलकेंच फोडतात, आठदहा दिवस रोज पाणी बदलून कडूपणा काढतात, मग मिठाच्या पाण्यांत मुरवितात. तेथील रीत लसूण व लिंबू घालावयाची. बाई मोहरीची डाळ, हिंग व मिरची घालतात. ती बरणी आमच्या पानावर आली तेव्हां डोळे मिटून खाल्लें असतें तर करवंदाचें लोणचें म्हणून चाललें असतें. शेजारीण दरवर्षीं एक बाटली मागून नेते, असें कळलें.

तेल मात्र त्या काढीत नाहींत. लिटरभर तेलाला चारपांच किलो फळ लागतें. पिंपांतल्या झाडाला तें कोठून परवडणार? येथेंच बोलणें वळलें. आल्यावर पहिलीं दहा वर्षें आपण जैतुनाचें तेल तोंडांत घेतलें नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. "तेल म्हणजे तिळाचं नि खोबऱ्याचं. ह्याला ओल्या गवताचा वास यायचा. बाप घाण्यावर बसायचा, मी बैलामागें फिरायची. शुक्रवारीं ऊन कललं कीं बैल सोडायचे. मग दुसऱ्या दिवशीं सांजेपर्यंत घाणा गप्प. रोज कुरकुरणारा घाणा गप्प झाला कीं आम्हां पोरांना झोंप यायची नाहीं." शुक्रवारच्या दिव्यांत त्या आतां जैतुनाचेंच तेल घालतात, घरांत आधीं मुलाला आवडूं लागलें, मग नातवंडांना, असें करतां करतां त्यांनाही चाललें.

निघावयाच्या सकाळीं त्यांनीं आम्हांस सज्ज्यांत बोलाविलें. रेवदंड्याच्या अलीकडील एका खेड्याचें नांव सांगितलें. त्यांच्या वडिलांचें घर तेथें होतें. घर विकलें, घाणा १९५० नंतर कांहीं वर्षांनीं बंद पडला, लांकडी लाट जळणांत गेली. पण दगडी उखळ परसांत तसेंच होतें. देश सोडतांना त्या तें पाहून आल्या होत्या. "तें आहे कां, एवढंच बघा. आणायचं नाहीं कीं कांहीं नाहीं. पोराला सांगितलं तर तो म्हणतो, तिकीट काढतो, चल. आतां मला जाववत नाहीं, आणि जाऊन तें नसलं तर?" पुढें त्या कांहीं बोलल्या नाहींत, पिंपांतील एक सुकें पान उचलून त्यांनीं कठड्याबाहेर टाकिलें. आम्हीं पाहून कळवितों असें वचन दिलें.

पुण्यास परत आल्यावर आम्हीं प्रथम आपली कुंडी उलटी केली. मुळांचा खालचा अर्धा भाग काळा पडून त्याला घाण येत होती. कुजकें तेवढें कापलें, माती बदलली, निम्मी रेती घातली, ताटली सूनबाईंच्या हवालीं केली. पावसाळ्याचे चार महिने कुंडी आतां वळचणीच्या आंत असते. वाळवणाचा तंटाही मिटला : कुंडीखालीं चाकांचा पाट करून घेतला, आणि फाल्गुन-चैत्रांत पापडांच्या दिवशीं झाड चार हात सरकतें. झाड तजेलदार आहे. फूल अद्याप नाहीं, आणि आम्हीं आतां त्याची वाटही पाहत नाहीं. ज्यांना आपल्या देशांतच फळ पाहावयाचें असेल त्यांनीं राजस्थानांत जावें. २००८ च्या सुमारास इस्राएलमधून रोपें आणवून तेथें सरकारनें लागवड केली, व बिकानेरजवळ लूणकरणसर येथें २०१४ सालीं तेल काढण्याचा कारखानाही निघाला. तिकडची थंडी ह्या झाडाला पुरते.

वचन पुरें करावयास मात्र २०१९ चा फेब्रुवारी उजाडला. एस.टी.नें अलिबागेस, तेथून रिक्षानें त्या खेड्यांत गेलों. घर पाडून नवें बांधलेलें. मालक भला गृहस्थ, घाण्याचें नांव काढतांच म्हणाला, "तसलं इथं कांहीं नाहीं." आमचें पाऊल जड झालें. इतक्यांत आंतून त्याची वृद्ध आई बाहेर आली व म्हणाली, "अरे, गोठ्यामागली ती दोण!" गोठ्यामागें गेलों. माडाच्या बुंध्याशीं काळ्या दगडाचें तें उखळ निम्मेंअधिक जमिनींत रुतलें होतें. गुरांच्या पाण्यासाठीं त्याचा उपयोग करीत. पुढें गुरें गेलीं, आणि कोणीं तरी त्यांत माती भरून ओंव्याचें झाड लाविलें होतें. आम्हीं मालकाच्या परवानगीनें कांठाची माती हातानें झाडली, चार बाजूंनीं छायाचित्रें काढलीं व तेथूनच डिमोनास पाठविलीं.

रात्रीं अलिबागेस मुक्कामाच्या ठिकाणीं दूरध्वनी वाजला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग बाईंचा आवाज आला.

"माडाकडल्या अंगाला कपची उडालेली आहे ना, मास्तर? ती मीच उडवलेली. कोयत्यानें. बापानं मारलं होतं मला."

आम्हीं पुन्हां छायाचित्र काढून डोळ्यांजवळ धरिलें. कपची होती.

"ओंवा कोणीं लावलान्?"

"घरच्या म्हातारीनें लाविला असावा."

"असूं दे. उपटूं नका म्हणावं. फक्त विचारा, बुडाला भोंक ठेवलंय कीं नाहीं. घाण्याच्या उखळाला तेल जायला वाट असते, ती बुजली असेल तर पाणी साचेल."

दुसऱ्या दिवशीं पुण्याची गाडी सोडून आम्ही पुन्हां त्या खेड्यांत गेलों. वाट बुजलेलीच होती. मालकाच्या आईनें पहार आणून दिली आणि तासाभराच्या खटपटीनें ती मोकळी झाली.